कानबाईच्या आठवड्यातली इंजेक्शनं

चॉकलेट सिस्ट हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. सोनोग्राफीच्या टेबलावर पडलेली, पोटावर ती थंडगार जेली, आणि मी हसतेय, कारण मला वाटलं एवढ्या गोड नावाचं काय वाईट असणार. डॉक्टरबेन हसल्या नाहीत. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि गुजरातीत सांगायला लागल्या, मग माझं तोंड बघून हिंदीत, मग परत गुजरातीत. मला गुजराती सगळं कळतं, सुरतेतच जन्मलेय, शाळेत भांडायचे पण गुजरातीतच, पण त्या दिवशी कुठल्याच भाषेतलं काही आत जात नव्हतं.

दोन्ही ओव्हरीत गाठी होत्या. आत जुनं रक्त साठून काळपट झालेलं, म्हणून चॉकलेट. पाळीत मी ऑफिसच्या बाथरूममध्ये भिंतीला डोकं टेकवून उभी राहायचे ते ह्याच्यामुळं, आणि आई इतकी वर्षं सांगत आलेली की लग्न झालं की दुखायचं थांबतं. ऑपरेशन करावंच लागणार होतं. पण गाठी काढताना त्यांच्यासोबत अंडीही जातात, आणि माझी आधीच वयाच्या मानानं कमी होती, रक्ताच्या तपासणीत तसं आलेलं.

"जो बेटा, टाइम ओछो छे," डॉक्टरबेन म्हणाल्या. वेळ कमी आहे. ऑपरेशनच्या आधी अंडी काढून फ्रीझ करून ठेवायची का, ते तू ठरव. पाळी आली की दुसऱ्या दिवशी ये, इंजेक्शनं चालू करू. नाही आलीस तर मी समजेन की तुला नकोय.

म्हणजे न जाणं हेसुद्धा ठरवणंच होतं. हे मला फार भारी पडलं, कारण मी ठरवणाऱ्यांतली नाहीच. मी पर्वत पाटियाला एका ऑफिसात साड्यांची डिझाइनं करते, कॉम्प्युटरवर. एक फूल काढायचं आणि त्याचे सहा रंग करून द्यायचे, आमच्यात त्याला मॅचिंग म्हणतात. शेठला सहापैकी एकही आवडत नाही, मग सातवं करायचं. मी पर्याय करते, ठरवतो दुसराच कोणीतरी. आणि इथं मला विचारत होते की एकोणतिसाव्या वर्षी सांग, पस्तिसाव्या वर्षी तुला मूल हवं असेल का. मला तर रविवारी काय घालायचं ते कळत नाही.

घरी येऊन मी आईला सगळं एका दमात सांगून टाकलं. आमचं घर पांडेसऱ्यात, खाली एक खोली, वर एक पत्र्याची. आई खालच्या खोलीत बसून साड्यांना स्टोन चिकटवते, ठेकेदार गठ्ठे आणून टाकतो. तिनं चिमटा खाली ठेवला नाही.

"अंडा?" ती म्हणाली. "कोंबडीगत?"

"आई, सगळ्या बायकांना असतात."

"माले नहीत."

आम्ही घरात अहिराणी बोलतो, म्हणजे आई-पप्पा बोलतात, मी मराठीत उत्तर देते. ते गावाकडून धुळ्याच्या बाजूनं आले मिलच्या कामाला, आणि भाषा तशीच घेऊन आले. पप्पा डाइंगमध्ये आहेत. त्यांना आईनं एवढंच सांगितलं की पोटात गाठ आहे, ऑपरेशन आहे. पप्पांनी मान हलवली, नखांतला निळा रंग काढत बसले, आणि थोड्या वेळानं विचारलं, "दुखस का आते?" मी म्हटलं, आत्ता नाही. "मग जेवी ले." पप्पांचं बोलणं एवढंच असतं.

आईचा उपाय सरळ होता. लग्न करून टाकायचं, लवकर, मूल होऊन जाऊ द्यायचं, मग गाठीचं बघू. एक स्थळ आलेलंच होतं. मुलगा हजीऱ्याला एका प्लांटमध्ये कामाला, माणसं शहाद्याकडची, पत्रिका जमलेली. आम्हाला दोघांना ज्यूस प्यायला पाठवलं, आणि मी काय केलं तर मोसंबीचा अर्धा ग्लास व्हायच्या आत त्याला सगळं सांगितलं. गाठी, अंडी, फ्रीझ, सगळं. माझ्या पोटात काही राहत नाही, हे मला आता वाक्य म्हणूनही विचित्र वाटतं.

तो चांगला होता, खोटं कशाला सांगू. त्यानं स्ट्रॉ बाजूला ठेवला आणि शांतपणे ऐकलं. म्हणाला, "मग असं करू ना. लग्न आधी करू, डॉक्टरकडे दोघं जाऊ."

दोघं जाऊ. ह्या दोन शब्दांवर मी दोन दिवस काढले. ऑफिसात एका साडीचा काठ करताना मी चक्क स्वतःसाठी रंग निवडत होते, शेवाळी की जांभळा, आणि तेव्हा मात्र मला पटकन ठरवता येत होतं. मग त्याच्या आईचा फोन आला. पत्रिका परत दाखवली, जमत नाहीये. तीच पत्रिका, तेच महाराज.

आईनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलंच नाही. साडीकडे बघत म्हणाली, "तू कसाले सांगं त्याले?"

"लग्नानंतर कळलं असतं तर?"

"लग्नानंतर कळं असतं ते कळं असतं." तिनं चिमट्यानं पुढचा स्टोन उचलला. "आते कोनलेच सांगू नको. काकूले ते बिलकुलच नही."

काकू म्हणजे पप्पांच्या मोठ्या भावाची बायको, आमच्या भाऊबंदांतली सगळ्यात मोठी. तिला एक गोष्ट कळली की ती संध्याकाळपर्यंत डिंडोलीपासून उधन्यापर्यंत पोचते. वाईट नाही ती, तिला नुसतं सांगायला आवडतं. ह्यात मी तिच्यावरच गेलेय.

पाळी आली. मी दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये होते. कसं ठरवलं हे मला कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. सकाळी उठले, ऑफिसात तब्येतीचं सांगितलं, बसमध्ये बसले आणि नेहमीच्या स्टॉपच्या पुढं गेले. बाकड्यावर सगळी जोडपी बसलेली. एका बाईनं विचारलं, "हसबंड नथी आव्या?" मी म्हटलं, कामावर आहेत. कोण कुठल्या कामावर, देव जाणे.

इंजेक्शनांचा डबा बर्फाच्या पिशवीसकट घरी आणला. पैसे माझे होते, बाजूला टाकलेले. नर्सनं दोनदा सांगितलेलं की फ्रिजमध्ये ठेवायचं, रोज संध्याकाळी ठरल्या वेळेला पोटावर घ्यायचं, आणि टोचायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवायचं म्हणजे झोंबत नाही. मी ते सगळं आईला सांगितलं. तिनं डबा दह्याच्या भांड्यामागं सरकवला आणि फ्रिज बंद केला.

पहिल्या संध्याकाळी मी वरच्या खोलीत कुर्ता वर धरून बसले होते आणि माझा हात पुढं जात नव्हता. सुई बारीक असते, तरी जात नव्हता. आई वर आली. तिनं माझा कुर्ता तिच्या हातात घेतला, वर धरला, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हणाली, "मी दखत नही. तू कर." मग रोज संध्याकाळी असंच. ती कुर्ता धरायची, भिंतीकडे बघायची, मी टोचायचे. झोंबायचं, थांबायचं. शुक्रवारच्या सोनोग्राफीत डॉक्टरबेन पहिल्यांदा खूश दिसल्या. "सरस," म्हणाल्या. दोन्ही बाजूंना वाढत होतं काहीतरी. मी येताना रिक्षात खिडकीबाहेर बघून एकटीच हसत होते, आणि मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मला हे हवंय. म्हणजे मूल हवंय की नाही ते अजून माहीत नव्हतं, पण ते वाढतंय ते वाढायला हवं होतं.

आणि तोच आठवडा कानबाईचा होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, श्रावणात आम्हा खानदेशी लोकांच्या घरी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी करतात, रविवारी बसवायची, सोमवारी वाजतगाजत तापीवर न्यायची. सुरतेत त्या दोन दिवसांत पांडेसऱ्यात रस्ता मिळत नाही. त्याआधी घर उभं-आडवं धुवायचं, भिंतींना रंग द्यायचा, डबे, पडदे, गोधड्या सगळं घासून-धुऊन काढायचं. आणि रोट असतो. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्याच गव्हाच्या पोळ्या, सोबत पुरण, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. तो रोट फक्त कुळातल्यांनी खायचा. लग्न झालेल्या मुलीला मिळत नाही, ती दुसऱ्या कुळाची झाली.

म्हणून काकूचं एक ठरलेलं होतं. माझं कॉलेज संपल्यापासून दरवर्षी ती माझ्या ताटात वाढताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "हाऊ शेवटला रोट शे तुन्हा, पोटभर खाई ले. पुढला वरीसले तू दुसराना घरनी." आणि सगळे हसायचे. पुढच्या वर्षी मी परत तिथंच, ताट घेऊन. परत शेवटचा रोट. मी पण हसायचे, एकदा म्हटलं होतं, काकू, माझे शेवटचे रोट संपेनात.

दरवर्षी कानबाई काकूच्या घरी बसते. त्या वर्षी तिच्या घराचं काम चालू होतं, स्लॅब तोडलेला, म्हणून आमच्या घरी. आईच्या अंगात नुसतं वारं भरलेलं. माझे पाळीचे दिवस वेळेत सरले म्हणून तिनं देवीला हात जोडले, मग भिंती, भांडी, कपाट, आणि शुक्रवारी मी इंजेक्शन घेऊन झोपायला गेल्यावर फ्रिज. बंद करून, बर्फ वितळवून, आतून-बाहेरून पुसून चकचकीत.

शनिवारपासून घर भरलं. काकू, काका, त्यांची मुलं-सुना, गावाकडचे पाहुणे. संध्याकाळ झाली तसं मी आईकडे बघितलं. ती पिठाचे हात धुऊन माझ्या आधी वर गेली, आणि मी पोचले तेव्हा तिनं पदराखालून इंजेक्शन काढलं. "ले, तुन्हं." हातात घेतलं तर कोमट. मला वाटलं, आईनं आधीच काढून ठेवलेलं असणार, नर्सनं सांगितलेलं तिच्या लक्षात राहिलंय. मला इतकं बरं वाटलं. खाली पन्नास माणसांचा गोंधळ, आणि माझी आई वेळेवर आठवण ठेवून सुई गरम करून आणतेय. तिनं कुर्ता धरला. त्या दिवशी अजिबात झोंबलं नाही.

रविवारी पण झोंबलं नाही. खाली कानबाई बसलेली, बायका गाणी म्हणत होत्या, मी पटकन वर जाऊन आले. काकूनं जिन्यात धरलं. "कोठे जास वं तू मधीमधी?"

"बाथरूमला."

"पोट बिघडनं का?"

"हो."

"पुरन जास्ती खाद्दं व्हई," काकू म्हणाली आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

सोमवारी विसर्जन करून आलो. पाय सुजलेले, गुलाल कानात गेलेला. आईनं नथ आणि गळ्यातलं फडक्यात बांधून माझ्याकडे दिलं, कपाटात ठेव म्हणाली. आमचं लोखंडी कपाट वरच्या खोलीत आहे, पत्र्याखाली. मी किल्ली फिरवली, आतला लहान कप्पा उघडला. कप्प्यात आईच्या पाटल्या, पप्पांची कागदपत्रं, आणि त्यांच्यामागं जुन्या पातळाच्या तुकड्यात नीट गुंडाळलेला माझा डबा. मी तो हातात घेतला. आतून पोळीचा डबा उघडल्यासारखी ऊब आली.

मी खाली आले तेव्हा आई ओटा पुसत होती.

"आई, इंजेक्शनं कपाटात कधीपासून आहेत?"

"सांभाळीसन ठेवेल शेत," ती म्हणाली. वळलीसुद्धा नाही. "फ्रिज धोया ना शुक्करवारे, तवय. आखं गाव फ्रिज उघाडस पानीसाठे. कोनी इचारं असतं, हाई कसानं इंजेक्शन, ते मी काय सांगू?"

"ती थंड ठेवायची असतात."

"दोन दिनमा काय व्हस? दही बी टिकस दोन दिन."

मी काहीच बोलले नाही, आणि मी कधी गप्प बसत नाही, म्हणून तिला कळलं. तिनं फडकं तसंच हातात धरून माझ्याकडे बघितलं. मग डबा माझ्या हातातून घेतला, उघडला, सुईच्या पेनांवर हाताचा तळवा ठेवला, जसा ताप बघतात तसा. आणि चालत जाऊन फ्रिजमध्ये ठेवला. दह्यामागं, पहिल्या जागी. मला ते अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबेनना सगळं सांगितलं. आई सोबत आली होती, पहिल्यांदाच. सोनोग्राफीत शुक्रवारी जे वाढत होतं ते तिथंच थांबलेलं, काही तर आक्रसलेलं. डॉक्टरबेन रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, पत्र्याखाली एवढा वेळ राहिलेल्या औषधावर भरवसा ठेवता येत नाही, हा फेरा बंद करू. पुढच्या पाळीला परत बघू. पण गाठी वाढतायत, ऑपरेशन फार लांबवता येणार नाही.

"एने समजावजो," त्या आईकडे बघत मला म्हणाल्या, "एनो वांक नथी." तिला समजाव, तिची चूक नाहीये. मी आईला समजावलं. आई म्हणाली, "मन्हीच चूक शे." बसमध्ये म्हणाली, घरी म्हणाली, स्टोन चिकटवता चिकटवता मध्येच म्हणाली. मग म्हणायची बंद झाली, ते जास्त वाईट होतं.

तो महिना मला आठवायला आवडत नाही. दुखणं एवढं वाढलं की मी ऑफिसात खुर्चीतून उठायचे नाही. शेठनं विचारलं तर म्हटलं, कंबर. आणि डोक्यात सारखं तेच. परत करायचं की नाही. मला नको होतं. आता मला ठरवता येत होतं आणि उत्तर नको असं येत होतं. परत त्या सुया, परत ते वाढतंय का बघणं, परत काहीतरी होणार आणि थांबणार. गाठी काढा आणि मला दुखण्यातून सोडवा, एवढंच हवं होतं. पण आई. मी नाही म्हटलं असतं तर तो डबा जन्मभर तिच्या कपाटात राहिला असता.

पाळी आली त्या सकाळी मी तिला सांगितलं. ती चहा गाळत होती.

"आखो एकदाव कर," ती म्हणाली. अजून एकदा. "मी काकूले सांगी दिन्हं."

"काय सांगितलंस?"

"समदं. आते लपाडानं काय ऱ्हायनं." तिनं कप माझ्यापुढं ठेवला. "काकूनी तिना फ्रिज रिकामा करा. म्हने, आठे ठेवा, मन्हा घरमा कोनी हात लावाव नही."

पोरीचं सांगायचं नाही, लोक काय म्हणतील, म्हणून जे कपाटात गेलं, ते असं एका कपभर चहात बाहेर आलं. महिनाभर आधी आलं असतं तर. हे मी बोलले नाही. मी चहा प्यायले आणि क्लिनिकला गेले.

म्हणजे मी ते आईसाठी केलं. असं सांगितलं की लोकांना आवडत नाही, त्यांना वाटतं स्वतःसाठी करायला पाहिजे. असेल. ह्या वेळी औषधाचा डोस जास्त होता आणि वाढणं कमी. इंजेक्शनं आमच्याच फ्रिजमध्ये राहिली, काकूकडे नाही, पण आई दिवसातून किती वेळा फ्रिजचं दार उघडून हात लावून बघायची ते मी मोजायचं सोडून दिलं. ती कुर्ता धरायची तेव्हा आता भिंतीकडे बघायची नाही. सुईकडे बघायची.

शेवटी दोन निघाली. दोन. डॉक्टरबेननी माझ्या शुद्धीवर येण्याची वाट बघून सांगितलं, आणि हेही सांगितलं की दोनावर फार आशा ठेवू नकोस, वितळवताना एखादं जातं, मग पुढचंही आहेच. ती फ्रीझ करायची का? मी हो म्हटलं. बाहेर आईला सांगितलं तेव्हा तिनं बोटांनी दोन दाखवून विचारलं, मी मान हलवली, आणि ती देवीला जोडतात तसे हात जोडून बाकड्यावर बसून राहिली. तिला मी पुढचं सांगितलं नाही. ती वितळण्याची गोष्ट मी तिला कशी सांगणार होते.

नंतर ऑपरेशन झालं. एका बाजूची ओव्हरी ठेवता आली नाही.

पुढच्या वर्षी कानबाई परत काकूच्या घरी बसली, नवीन स्लॅबखाली. पण आईनं आमचंही घर धुतलं, भिंतींना रंग दिला, पडदे धुतले. काकू मदतीला आलेली, तिनं फ्रिज उघडला. आत बर्फाचा गोळा दारापर्यंत आलेला, वर्षभर कोणी वितळवला नव्हता.

"फ्रिज राही गया वं," काकू म्हणाली.

"राहू दे," आई म्हणाली.

काकूनं दार हळूच लावलं. एरवी ती तीन वाक्यं बोलली असती.

रोटाच्या दिवशी आम्ही काकूकडे ओळीनं जेवायला बसलो. गहू मोजून झालेले, पप्पांची मूठ, काकांची, भावांची, नवीन जन्मलेल्या पुतण्याची. काकू वाढत वाढत माझ्यापाशी आली. मी ताट पुढं केलं आणि तिच्या त्या ठरलेल्या वाक्याची वाट बघितली. सगळे बसलेले होते, तिचा आवाज सगळ्यांना गेला असता. तिनं पोळी ठेवली, तूप सोडलं, पुरण ठेवलं. मग अजून एक पोळी घेऊन तिथंच उभी राहिली.

"आखो ले," ती म्हणाली.

मी घेतली.